दोन डिस्क आणि जिवलीमावशी

सायवनहून डहाणूला जाणाऱ्या एसटीत संगिताच्या मागच्या सीटवर जिवलीमावशी आणि तिचा भाचा सुनिल बोलत होते.

“मागल्या साली गायलेली माझी लग्नाची गाणी सगळी गेली ना रे?”

“कॉम्प्युटरची डिस्क बिघडली, मावशी. म्हणून आता दोन लावल्यात. एकीवर लिहिलं की दुसरीवर आपोआप उतरतं. रेड म्हणतात त्याला.”

“दोन्ही सारख्या?”

“चार-चार टीबीच्या. जागेची जुन्या पद्धतीची आखणी निम्म्यापर्यंतच पोचते, म्हणून जीपीटी नावाची नवी आखणी केली.”

“मग एक मेली तर?”

“दुसरी गात राहील. मेलेलीच्या जागी नवी लावली की ती हिच्याकडून सगळं शिकून घेते.”

“म्हणजे आज गायले, की परत मला बोलावणार नाहीस.”

सुनिल तिच्याकडे वळला.

“गोष्टी राहिल्यात की. पुढल्या महिन्यात त्या सांगायला ये.”

“जागा उरेल?”

“पुष्कळ. घरातपण आहे.”

ऐकता ऐकता संगिताचा उतरायचा थांबा, रानशेत, केव्हाच मागे गेला होता.