एका पानाची अकरा हजार झाडं

दारातलं झाड तोडायची परवानगी मागायला शिंपी चौथ्यांदा वनखात्याच्या खिडकीपुढच्या रांगेत उभा होता. पुढे रोपांच्या बाटल्या छातीशी धरून प्रयोगशाळेतल्या बाई.

“डोंगरावर किती रोपं लावणार?” खिडकीतल्या साहेबांनी बाईंना विचारलं.

“अकरा हजार.”

“मग अकरा हजार अर्ज. झाडागणिक एक.”

“अहो साहेब, ही सगळी एकाच औषधी झाडाच्या एका पानापासून वाढवलीत. जगात तेवढं एकच उरलं होतं.”

“म्हणजे भावंडं?”

“भावंडंही नाहीत. तेच झाड, अकरा हजार वेळा.”

“तेच? मग एक अर्ज पुरे. मूळ झाडाचा नोंदणी क्रमांक?”

“चारशे नऊ.”

“चारशे नऊ... बाई, हे तर गेल्या महिन्यात वाळलं. इथे ‘मृत’ लिहिलंय.”

“म्हणून तर घाई! बाटलीतलं खाद्य परवा संपेल हो.”

“पण हे तेच झाड ना?”

“तेच, पण—”

“मग हीपण मेलेली. मेलेल्या झाडाला परवानगी लागत नाही. न्या उचलून. पुढचे, या!”

बाई जवळजवळ पळतच गेल्या. शिंप्याने अर्जाची घडी घालून खिशात टाकली.

“बोला, काय काम?”

“काही नाही, साहेब. आमचं झाड वारलं, तेवढं कळवायला आलो होतो.”