मामाची मांडी

हॅलो?… हो, मीच, श्याम… अकोल्याच्या स्टँडवर… उसाचा रस पिऊन राहिलो… नाई, बर्फ नाई टाकू देल्ला… स्वेटर बॅगेत हाय… कपाशी? बोंडअळीनं खाल्ली ते खाल्ली, आज तिचं नाव नको घेऊ… अवं आकांक्षा, ऐक तं खरं! केमो नाई लागत!

…रडून काहून राहिली? चांगलंच सांगून राहिलो न बाप्पा!

…हो, हो… प्लीहेची सूज उतरली. मशीनवर पाह्यलं, हातानंबी दाबून पाह्यलं… हो, लिम्फोमाच होता, कॅन्सरच. पन मुळाशी तो काविळीचा विषाणू, सी म्हन्ते तो. किती वर्सं रक्तात बसून पांढऱ्या पेशींले डिवचत होता. त्या लढता लढता बहकल्या… गोळ्यांनं तो मेला, अन् ह्या शांत झाल्या… नाई, सगळ्यांचं असं नाई होत म्हने. माह्यं झालं… हो, तपासाले येत राहा लागन.

बरं, तुह्या चिमीचे कान कवा टोचून राहिल्या?… रविवारी? अन् मामा म्हनून मांडी कोनाची?

…सूर्यभानची.

…हं.

…नाई वं, रागावलो नाई. पन सख्खा भाऊ जिता असून चुलतभावाची मांडी?… तुह्या सासूले भेव वाटलं, समजते मले. मीच तं फाटकाबाहेरून पाह्यत होतो चिमीले. तू ‘आत ये, आत ये’ म्हने, मीच नाई आलो… हो. सुईनं रक्त निंगते, म्हनून.

…विचारलं न डॉक्टरले! सगळ्यात आंधी तेच विचारलं. हसले. म्हने, रक्तातून रक्तात जाते तो, मांडीवरून नाई जात. लेकरू घेतलं असतं तरी काई झालं नसतं. अन् आता तं रक्तातबी नाई… हो, सासूले मी सांगतो, तू बोलू नको… सोनाराले मात्र नवी सुई काढाले लाव. कोनाचंबी लेकरू असो.

सूर्यभानले?… त्याले म्हन, मांडी माही, तू पेढे वाट… हसते काय! खरंच सांग त्याले.

…थांब, अमरावतीची लागली… रविवारी नाई, आजच येतो नांदगाव पेठेले. फाटक उघडं ठेव. अन् चिमीले झोपवू नको… हॅलो?… आकांक्षा?… हॅलो?

आजाराचं नाव कळलं त्याच दिवशी श्यामनं चिमीच्या कानांसाठी बाळ्या घेऊन ठेवल्या होत्या.