दुसरं बटण

मंडळी, एक विचारतो. घरातली जागा संपली, तर आधी काय काढायचं?

सांगा की! मागून कुणीतरी म्हणालं, "सासूबाईंचे डबे!" वा, ताई! शेजारी सासूबाई बसल्यात का नाहीत, ते बघून बोललात ना? हसा. आत्ताच हसून घ्या.

आता खरा प्रश्न. जे काढायचं ते आपलं नसेल, तर? काढावं? कुणाला विचारून?

ऐका.

कराडला शशिकलाबाई राहतात. पासष्टीच्या. घर असं लख्ख, की मुंगीसुद्धा दारात पाय पुसून आत येईल! त्यांचे यजमान वामनराव. शाळेत भूगोल शिकवायचे. बोलके किती? भाजी आणायला निघाले, की भाजी जेवण झाल्यावर घरी यायची!

आणि एके दिवशी अर्धांगाचा झटका आला. उजवा हात गेला. आणि वाचा गेली. ओठ हलायचे, शब्द यायचा नाही.

हाताला व्यायाम हवा म्हणून त्यांच्या लेकीनं, नाशिकच्या केतकीनं, एक यंत्र पाठवलं. ओंजळीत मावेल एवढं. पडदा आणि दोन्हीकडे बटणं. पोरं खेळतात, तेच! त्यात शेतीचा एक खेळ होता. जमीन नांगरा, विहीर खणा, गाई पाळा. प्रत्येक गाईला नाव द्या. नाव द्यायचं म्हणजे पडद्यावरचं एकेक अक्षर बटणानं वेचायचं. अक्षरं इंग्रजी, पण नावं आपली. एका नावाला अर्धा-अर्धा तास लागायचा! बोटं थरथरायची, घाम यायचा. चौदा महिन्यांत एकतीस जनावरं झाली, आणि एकतीस नावं.

मंडळी, चौदा महिन्यांत त्या माणसानं जगाला दिलेले शब्द एवढेच. एकतीस.

शशिकलाबाईंनी ते वाचले? — थांबा. पेटी नको, अप्पा. इथे सूर नको.

नाही वाचले. "खेळतायत ना? खेळू देत!" म्हणायच्या आणि कणीक मळायला जायच्या.

एका दुपारी नवा खेळ आला. केतकीनंच घेतलेला, बोटांसाठी आणखी चांगला. वामनराव झोपलेले. ते चारला उठतात. बाई म्हणाल्या, उठायच्या आत घालून ठेवू, खूश होतील! चांगलाच हेतू होता हो.

यंत्र म्हणालं: जागा शिल्लक नाही.

यंत्रात काय काय भरलंय, त्याची यादी आली. सगळ्यात मोठा कोण? शेतीचा खेळ. आता कपाट आवरणारी बाई आधी कशाला हात घालते? मोठ्या पातेल्याला! ते माळ्यावर गेलं, की चार डबे मावतात. बाईंनी मनाशी ठरवलं, हा खेळ काढू, लागेल तेव्हा परत घालू.

यंत्रानं दोन बटणं दाखवली.

फक्त खेळ काढा.

खेळ काढा, आतल्या नोंदींसकट.

मंडळी, इथे घात झाला. चाळीस वर्षांची शिस्त! भांडं माळ्यावर टाकायचं तर आत काही ठेवायचं नाही. रिकामं करायचं, घासायचं, पुसायचं, मग वर. नाहीतर मुंग्या लागतात! बाईंनी चष्मा लावून अक्षर अन् अक्षर वाचलं. आणि स्वच्छ मनानं

दुसरं

दाबलं.

साडेतीन वाजले होते. लेकीला फोन लावला. "अगं, केली जागा, घातला नवा खेळ!"

"कशी केलीस आई?"

"शेतीचा खेळ काढला."

"चालेल. नोंदी राहतात. दुसरं बटण नाही ना दाबलंस?"

बाईंनी यंत्राकडे पाहिलं.

"आई?"

"अगं, आत ठेवून कसं काढायचं?"

"अगं आई!" लेक म्हणाली. तो सूर ऐकून बाईंनी विचारलं,

"परत येतं का गं ते?"

"खेळ येतो परत. बाबांनी केलेलं नाही येत."

"इंटरनेटवर कुठे साठवतात म्हणे?"

"ती सोय आपण घेतली नव्हती, आई."

आतल्या खोलीतून खोकल्याचा आवाज आला. नवा खेळ काढला, जुना परत मागवला. पडद्यावर एक रेघ सरकायला लागली. बारा टक्के. बाई रेघेकडे बघतायत, दाराकडे बघतायत. एकोणचाळीस. खाट कुरकुरली. सत्तर. चपला फरफटल्या. ब्याण्णव —

वामनराव आले. बसले. हात पुढे केला.

"अहो... चहा घ्या ना आधी."

हात तसाच पुढे.

दिलं. काय करतील?

खेळ उघडला. ओसाड माळ. विहीर नाही, गोठा नाही. कोपऱ्यात एक वासरू उभं. पडदा विचारतोय, याचं नाव काय?

वामनरावांनी यंत्र बंद केलं. चालू केलं. परत बंद, परत चालू. मग बायकोकडे पाहिलं.

"मी केलं," बाई म्हणाल्या. "मला वाटलं, रिकामं करून..."

ते ओरडले असते तर बरं झालं असतं! ओरडायला आवाज कुठला? त्यांनी मान खाली घातली आणि अक्षरं वेचायला लागले. पहिल्या गाईचं नाव परत ठेवायचं होतं. के. मग ए. इंग्रजीतली दोन अक्षरं, म्हणजे आपला 'का'.

बोट थांबलं.

पुढचं आठवेना! नावं त्यांनी तिथे ठेवली होती, मंडळी. डोक्यात राहत नव्हती, म्हणून तिथे. वामनरावांच्या डोळ्यांत भीती आली, आपल्याच घरात वाट चुकल्यासारखी. त्यांनी पडदा बायकोपुढे धरला. तू सांग. तू इथेच होतीस ना?

"कावेरी?" मान हलली. नाही. "काशी?" नाही. "काळी? कामिनी?" नाही. नाही.

एका खोलीत चौदा महिने! आणि बाईंना एक नाव माहीत नाही.

बाईंचा अंगठा बटणावर गेला. कावेरीच ठेवावं. चांगलं नाव आहे. त्यांना तरी कुठे आठवतंय? चार बटणं दाबली की सुटले! मंडळी, मोह बघा. दुपारी यजमानांना न विचारता पुसलं, आता न विचारता भरायचं!

बाईंनी अंगठा उचलला.

"राहू दे," म्हणाल्या. "तुम्हाला आठवेल तेव्हा. मी बसते."

आणि बसल्या. कुकरची शिट्टी झाली, उठल्या नाहीत. अजूनही रोज चारला बसतात. त्या माळावर अजून एकच वासरू उभं आहे. त्याला दोनच अक्षरं आहेत.

पुढचं आठवलं का, म्हणता? मला माहीत नाही. खोटं कशाला सांगू?

पण तुम्ही सांगा. तुमच्या घरी कुणीतरी कोपऱ्यात बसून काहीतरी करत असतं. वहीत लिहितं, दोरा गुंडाळतं, यंत्रावर बटणं दाबतं. तुम्ही म्हणता, "करू देत." काय करतं ते? माहीत आहे? ताई, तुम्हाला? काका?

माना खाली का गेल्या?

अप्पा, पेटी मिटा. आज गजर नाही. उठा, घरी जा. ते माणूस जागं असेल, तर शेजारी बसा आणि विचारा.

जा. मी दिवा सांभाळतो.