खरवडीचं वादळ

आम्ही इथलेच हो अक्का, बेंगळुरातलेच, आजोबांच्या आजोबांनाही दुसरं गाव ठाऊक नव्हतं. घरात मराठी, दारात कन्नड, अशीच जीभ वाढली आमची, आणि माझी तर स्वल्प जास्तच वाढली, कारण दुधाच्या पातेल्याच्या तळाची खरवड म्हणजे माझा जीव की प्राण. आई ओरडायची, खरवड खाऊ नको गं, लग्नात पाऊस पडेल. मी म्हणायची, पडू दे की, मी काय मिठाची आहे?

आणि काय सांगू तुम्हाला, पडला! चेन्नईकडच्या समुद्रात वादळ उठलं आणि इथं माझ्या लग्नात आभाळ गळायला लागलं ते थांबेचना. हॉलच्या ओल्या पायरीवरून सासरे घसरले, कंबरेचं हाड मोडलं, ते अंथरुणाला खिळले ते आजही तिथंच आहेत. त्याच्या आधी आमच्या आईनं हसत हसत विहिणीला सांगून टाकलं होतं, पोरीनं खरवड खाल्ली ना, म्हणून हा पाऊस. सासूबाईंनी ते पक्कं धरून ठेवलं.

तेव्हापासून वादळ कुठंही उठो, बोट माझ्याकडंच. टीव्हीवर तो पांढरा भोवरा फिरायला लागला की म्हणतात, बघ, आलं तुझ्या माहेरचं माणूस. माहेर मारतहळ्ळीला, एका बसचं अंतर, पण जाते म्हटलं की सासऱ्यांच्या अंथरुणाकडं बोट, तू केलंस ते तूच निस्तर. नवरा ऐकतो आणि मोबाईल बघतो. जायचं कुठं, सांगा!

इलेक्ट्रॉनिक सिटीत कंपनीच्या कँटीनमध्ये मी चपात्या लाटते, तिथं पुण्याची एक पोरगी जेवायला येते. तिला एकदा विचारलं, वादळ कशानं होतं गं, माणसामुळं होतं का? म्हणाली, मावशी, समुद्र तापला की वाफ वर चढते, वर तिचं पाणी होताना उष्णता सुटते, मग खालून आणखी हवा ओढली जाते, आणि पृथ्वी फिरते म्हणून ती हवा गरगरते. माणूस नव्हता तेव्हाही वादळं होतीच. पण आपण सगळ्यांनी कोळसा, पेट्रोल जाळून समुद्र जास्त तापवलाय, म्हणून आता त्यांना जोर जास्त, पाऊस जास्त. मी म्हटलं, त्यात एका पोरीची खरवड नाही ना? ती हसली, मला मात्र रडूच आलं.

घरी येऊन सगळं सांगितलं. सासूबाई म्हणाल्या, सरी, बरोबर, म्हणजे माणसामुळंच ना? मग मी काय वेगळं म्हणत होते? तोंड दाबून बुक्क्यांचा मार, दुसरं काय.

परवापासून पुन्हा तसंच आभाळ गळतंय. काल माझी लेक पातेलं मांडीवर घेऊन खरवडत बसली होती, तर सासूबाई ओरडल्या, ठेव ते खाली, आईसारखं करायचंय का? पोरीनं चमचा ठेवला आणि भेदरून माझ्याकडं बघितलं. मी चमचा उचलला, सासूबाईंच्या देखत तिला भरवलं, मग मी खाल्लं. तेवढ्यात अंथरुणातून सासरे म्हणाले, मला पण दे गं थोडी.

दिली. पाऊस काही थांबला नाही, हा बघा, अजून पडतोच आहे. सासूबाई बोलत नाहीत, माहेरीही कुणी सोडलेलं नाही. पोरीच्या लग्नात पडायचा तर पडू दे बापडा, पण तिला कुणी जाब विचारू नये, एवढंच.