मेजावरची रांगोयी

भातकुलीची मी, माळ्याची पोट्टी. बापाची इहिरीवर फुलाची वाडी होती, अन् लगनसराईत आमच्या घरी नवरदेव-नवरीची बाशिंगं होत. कागद, बेगड, बांबूच्या काड्या, सगयं वसरीत पसरलेलं राहे, अन् काय सांगू तुमाले भाऊ, चालाले लागली तवापासून कैची माह्या हातात. बाप म्हने, इची कैची बोलते.

मंग लगन झालं, अमरावतीले देली, अन् दुसऱ्याच साली मरीच्या साथीत नवरा गेला. माहेरी आली तर मायनं कैची उचलून वर आढ्यावर ठेवली. म्हने, बाई, नवऱ्या-नवरीच्या कपायाले जे लागते त्याले तुहा हात नको, उद्या कोनाचं काई झालं तर लोक आपल्याले पुसतीन. खोटं नोतं ते. म्या वाफे भिजवले, शेन काढलं, अन् वसरीत कागद कातराचा आवाज आला का उठून वाडीत जाऊ. लय राग ये मले, कोनाचा ये ते समजे नाई.

त्याच सुमारास कापसाचा भाव चढला. समुद्रापल्याड कुठीसी लढाई लागली म्हनत, अन् इकडे वऱ्हाडात जो तो उड्या मारे. रस्त्यानं गाड्याच गाड्या, फुफाटाच फुफाटा. अमरावतीजवयच्या एका पाटलाच्या घरात पैसा मावेनासा झाला, तर त्यानं कापूस घेनाऱ्या सायब लोकाइले जेवाले बलावलं, ऐन वैशाखात. त्याचा कारभारी आला, म्हने मेज सजवाचा हाये, फुलं द्या. फुलं कुठून देनार, वाडी उन्हानं जयून गेली होती. तो म्हने मंग कागदाचं करा, कागद मी आनला. बापाले आता डोयानं दिसे नाई. मायनं माह्याकडे पायलं अन् म्हने, हे काई लगन नोहे, सायबाच्या जेवनाले कायचा इटाळ, घे कैची. मले वाटलं तिथंच नाचावं.

पन मेज कोनं पायला होता? कारभारी म्हने, कमरेइतका लाकडाचा ओटा, त्याच्यावर पांढरं कापड, त्याच्यावर ताटं. म्या म्हटलं, अन् रांगोयी? तो हासला, म्हने त्याइले नाई लागत. आता तुमीच सांगा, पाव्हना जेवाले बसते अन् ताटाभवती रांगोयी नाई, ते काय तेरवीचं जेवन हाये? पन रंग सांडला तर सायबाच्या इजारीले लागन. म्हनून म्या कागदाच्या घड्यावर घड्या घातल्या, कातरल्या, उकलल्या, तर कमयं, कोयऱ्या, येली, सगयी रांगोयीच. हात थांबेच नाई.

जेवनाच्या दिवशी मी अन् माय गाडीनं गेलो. कागदी फुलं सरकीनं भरलेल्या लोट्याइत खोचली, ताटाभवती रांगोयी मांडली, अन् तेवढ्यात गड्यानं छताचा पंखा ओढला. सारी रांगोयी उडून भिंतीले लागली. कारभारी बोंबलून राहिला, बग्ग्या आल्या, बग्ग्या आल्या. म्या धावून धावून कागद गोया केले अन् अर्धे अर्धे ताटाखाली दाबले. काठ तेवढे भाईर. पंखा झुले, काठ हाले, पन एकबी उडे नाई.

आमी आतल्या दारातून पाहत होतो. एका मडमेनं ताट उचलून खालचा कागद पायला, मंग दुसरीनं. पाटलीनबाई आमच्या बाजूलेच उभी होती, तिनं इचारलं हे कोनं केलं. माय म्हने, माह्या पोरीनं. जोरात म्हने. पाटलीनबाई म्हने, जेठात माह्या पोरीचं लगन हाये, बाशिंग इच्याच हातचं पायजे. मायचं तोंड उतरलं. मंग मीच बोलली, बाई, माह्या कपायाले कुंकू नाई.

 पाटलीनबाई म्हने, पोरी, म्या तुहा हात पायला. कपाय माह्या लेकीचं हाये, त्याची कायजी मी करीन.

 घरी आल्यावर मायनं बेगडाची पुडी काढून माह्यापुढे ठेवली. पाटलाच्या लेकीचं लगन झालं, जावई अजून ठनठनीत हाये, नातवंडं हायेत. त्याच्यानंतर बाशिंगं म्या लय केली. काई घरी चालते, काई घरी अजूनबी चालत नाई, मी कोनाच्या दारात जाऊन भांडत नाई.

देव तुमच्या लेकराइले सुखी ठेवो भाऊ. पोराचं लगन निघालं का सांगजा, बाशिंग मी देईन. फक्त घरी बाईले पैले इचारून या, रांडव बाईच्या हातचं चालते का.