‘इंजान बंद कर’ म्हणणारा

ऐका. ती लाकडं जरा आत सारा, आन् ऐका. हे भूत आपल्या शिवंतलं न्हाई. लई लांबचं, बर्फातलं. पण आपल्या वाडीचा बिरा काळेल त्याच्या तावडीत घावला, म्हणून त्याची गोष्ट हितवर आली.

बिरा ट्रकावरचा डायवर. आटपाडीची डाळिंबं भरायची आन् पार लडाखाकडं न्यायची. त्या खेपंला जोडीदार डायवर तापानं फणफणला, वाटंतच उतरला. मग पाच दिस बिरा एकटाच. डोळं नुसतं जळत व्हतं गड्याचं. आंग असं शिणलेलं, की चहाचा गलास बी जड वाटावा.

दिस मावळता घाटाच्या पायथ्याला पोचला. तिथं नोरबू म्हाताऱ्याची चहाची टपरी. म्हाताऱ्यानं टाकीवर टकटक केलं, मोडक्या हिंदीत म्हणाला,

"डिझेल खालनंच भरलंयस नव्हं? वर थंडीनं गोठून त्याचं मेण हुतंय. उद्या हितल्या पंपावर थंडीचं डिझेल मिळंल, ते भर. आज झोप."

"माल गारठून जाईल चाचा," बिरा म्हणाला. "आन् मी आडवा झालो, तर दोन दिस उठायचा न्हाई."

म्हाताऱ्यानं मान हलवली. रॉकेलचा डबा आणून दिला. "निम्मं टाकीत वत, म्हंजी डिझेल लवकर गोठायचं न्हाई. निम्मं जवळ ठेव. बोगदा बंद हाय, जुन्या वाटंनं जावं लागंल. वर काय बी होऊ दे, इंजान बंद करू नगंस. कुणी बी सांगू दे!"

निम्मं रॉकेल टाकीत वतून निघाला बिरा. अंधार पडला. एक वळण, दुसरं वळण. दोन्ही अंगाला बर्फ, आन् गाडीची घरघर. बास, दुसरं काय न्हाई.

तिसऱ्या वळणावर एक माणूस उभा. खाकी कोट, हात वर केलेला. बिरानं गाडी हळू केली.

"दादा, इंजान बंद करा की. आवाजात काय ऐकू येईना."

मराठीत बोलला हो! त्या मुलखात मराठी! बिराला किती बरं वाटलं. हात किल्लीकडं गेला बी. पण नोरबूचं बोलणं ध्यानात आलं. "पाव्हणं, थांबाय येत न्हाई," म्हणाला, आन् गाडी पुढं काढली.

पुढच्या वळणावर? तोच माणूस! तोच कोट, तसाच हात. बिरा थांबला न्हाई. काच वर केली. तर शेजारच्या सीटवरनं आवाज आला, "किती दिस झोपला न्हाईस रं?"

बघतोय तर बसलाय शेजारी! दार उघडलं न्हाई, काय न्हाई.

बिरानं ओरडायला पायजे व्हतं. पण ऐका, माणूस लई दमला की भ्यायची बी ताकद राहत न्हाई. तो खरंच मोजाय लागला. "पाच," म्हणाला.

"बंद कर मग. जरा पड. मी हाय की जागा."

आन् समोर दिवं दिसलं. आपल्या वाडीचं दिवं! दारात बायको उभी, सोनाबाई. "आलासा? गाडी बंद करा, भाकरी गार व्हाय लागली."

बिरानं गाडी थांबवली, किल्ली फिरवली.

सगळं गप झालं. वाडी न्हाई, दिवं न्हाई, सोनाबाई न्हाई. नुसता बर्फ. डोळं मिटाय लागलं, किती येळ गेला कळलं न्हाई. गार वाटंना, उलट ऊब आल्यागत वाटाय लागलं. शेजारचा मायेनं म्हणत व्हता, "झोप गड्या, झोप." बिराच्या तोंडातनं वाफ निघत व्हती. त्याच्या तोंडातनं न्हाई! एवढं बोलतोय, आन् वाफंचा ठिपूस न्हाई!

तवा बिरा जागा झाला. किल्ली मारली. इंजान नुसतं कण्हलं. डिझेल गोठलेलं, फिल्टरात मेण बसलेलं. उडी टाकली खाली. डोईचा पटका सोडला, रॉकेलात भिजवला, लोखंडी सळीला गुंडाळून पेटवला, आन् फिल्टर शेकाय लागला. दुसऱ्या हातानं इंजानात डिझेल चढवायचा हातपंप मारतोय. लोखंडाला कातडं चिकटाय लागलं.

तर तो आला जाळाजवळ. दोन्ही हात पुढं केलं. "मला बी शेकू दे रं. मी बी एकदाच गाडी बंद केलती. झोपलो, ते झोपलोच." तो जवळ येईल तसा जाळ बारीक व्हायचा. मागं सरला की पुन्हा उठायचा. पटका संपत आला. हितं जाळ विझला असता, तर बिरा बी त्याच्या शेजारी उभा राहिला असता.

बिरानं केबिनीतनं घोंगडी ओढली. बापाची घोंगडी व्हती ती. उरलंसुरलं रॉकेल तिच्यावर वतलं, पेटवली, आन् दिली दरीत फेकून. "जा, शेक तिथं!"

गेला की! जाळामागं धावत गेला खाली, लेकरू धावतं तसा.

बिरानं किल्ली मारली. एकदा. दोनदा. तिसऱ्यांदा धडधडलं इंजान! मग त्यानं मागं बघितलं न्हाई. उजाडता पलीकडच्या गावात पोचला. डाव्या हाताची गारठून काळी पडलेली दोन बोटं तिथल्या डाक्टरानं काढली.

मी त्याला एकदा इचारलं, "भ्या वाटलं का रं त्याचं?"

"न्हाई," म्हणाला. "गोड बोलत व्हता. अजून बी लई दमलो, की त्याचं बोलणं आठवतंय, आन् झोप येती. त्या झोपंचं भ्या वाटतंय."

म्हणून सांगतो, ऐका. तुमच्यातलं कुणी त्या मुलखात गाडी घिऊन गेलं, तर त्या जुन्या वाटंनं जाऊ नगा. बोगदा बंद असंल तर पायथ्यालाच मुक्काम करा. माल नासला तर नासू द्या. पण त्या वाटंला पाय ठिवू नगा.