हिरवं आहे का, बघताना

हॅलो?… मावशी, नर्सरीतून ना? अहो, सकाळपासून सात वेळा फोन लावला तुम्हाला… हो, मीच ती. माळावरचं झुडूप नेलेली. पिवळ्या फुलांचं, कमी पाण्यावर जगणारं.

मेलंय बहुतेक. एक पान नाही अंगावर.

हो… हो, उन्हाळ्यात पानं टाकतं, मला माहीत आहे. घरमालकांना कुठे माहीत आहे? आज अकरा वाजता येतायत, गवंडी घेऊन. झाड जगलं असेल तर अंगण राहील, नाही तर सगळीकडे सिमेंट. तेवढीच माती आहे हो… मुलीने खेळायचं कुठे?

नाही, पाणी बेतानेच. दहा दिवसांनी एकदा, बुडाशी. खत तर दाखवलंही नाही.

अं?… हो, नखाने साल खरवडली. तुम्हीच म्हणालात, आत हिरवं दिसलं की जिवंत. होतं ना हिरवं, पहिल्या दिवशी. मग दुसऱ्या दिवशी दुसरी फांदी बघितली… रोज, मावशी. कधी दोनदा.

हसू नका ना. मुलगी झोपली तरी मी तिच्या नाकाखाली बोट धरते, हे तर झाड.

सगळ्या फांद्या सोलून निघाल्यात. आणि एकदा… रागावणार नाही ना? उपटून मुळं बघितली. लगेच लावलं परत… मावशी? आहात ना?

हं… हं… म्हणजे त्याला काही झालंच नव्हतं. मीच…

पिल्लू, खुरपं तोंडात नाही घालायचं. दे इकडे… हो, बोला. बुंध्याशी? आहे, बोटभर जागा राहिलीय न खरवडलेली. आता बघू? त्यांना दाखवायला?… आणि तपकिरी निघालं तर?

फाटक वाजलं. आले. मावशी, ठेवू नका हं फोन…

या, काका. नाही, हात नका लावू. जिवंत आहे… आज नाही बघितलं. बघणारही नाही. सांगतेय ना, जिवंत आहे. पानं मुद्दाम टाकलीत त्याने. दोन महिने थांबा, मग काय ते करा… हो, माझ्या शब्दावर.

…

मावशी, ऐकलंत? गवंड्याला परत पाठवलं. दोन महिने दिलेत.

मग आता मी काय करू?… काहीच नाही? बघायचंसुद्धा नाही?… अहो पण काहीच करायचं नाही, म्हणजे सकाळी उठल्यावर नेमकं काय करायचं, ते तरी नीट सांगा… हॅलो?… मावशी?